कपाळाजवळचे केस वाढतच नाहीत: एका नृत्यशिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

वय ३३, राहणार पुणे, व्यवसाय भरतनाट्यमचे वर्ग. वर्गातल्या मुली त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच म्हणू. ओळख पटू नये यासाठी घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. केसांबद्दलचं मात्र बदललेलं नाही.

ताई सातव्या वर्षी नाच शिकायला लागल्या, सोळाव्या वर्षी अरंगेत्रम, म्हणजे मंचावरचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम, झालं, पुढे कार्यक्रम आणि मग स्वतःचे वर्ग. म्हणजे पंचविसेक वर्षं, आठवड्यातले बहुतेक दिवस, केस चापूनचोपून मागे ओढलेले. सरावाला घट्ट वेणी, वर्गाला अंबाडा. कार्यक्रम असला की गंगावन. ते कमरेखाली पोचतं, टोकाला कुंजलमचे गोंडे, वरून गजरे. भांगात आणि कपाळाच्या कडेकडेने चुट्टी, डोक्याच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. हे सगळे दागिने दोऱ्याने बांधून, आकडे खोचून केसांवरच बसवतात. दोन तास नाचताना एकही जागचा हलता कामा नये, त्यामुळे बसवणारी बाई हात सैल सोडत नाही.

ताई माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा धाकटं बाळ सात महिन्यांचं होतं आणि अंगावर पीत होतं. बाळ तीन महिन्यांचं असताना केस मूठमूठ गळले होते. ते हळूहळू थांबलं. मग पाचव्या महिन्याच्या सुमारास कपाळावर आणि कानांच्या वर आखूड केस उभे राहायला लागले. अंबाडा घातला की डोक्याभोवती झालर लावल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे केस कमरेपर्यंत आणि पुढचे मात्र बोटभर. ‘वाढतच नाहीत’ ही मुख्य तक्रार.

येण्याआधी काय काय झालं होतं

सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात गेलेले केस परत येताहेत, तेल लाव आणि गप्प बस. पार्लरवाली म्हणाली, केस तुटताहेत, केराटिन करून घ्या. एका विद्यार्थिनीच्या आईने थायरॉइडची शंका काढली. केसांच्या एका क्लिनिकमध्ये हेअरलाइन मागे चालली आहे असं सांगून पीआरपीचं पॅकेज पुढे केलं. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढून डोक्यात टोचायचा. ताईंनी ते घेतलं नाही, पण त्या वाक्याने झोप उडाली. स्वतःच्या मनाने त्यांनी कांद्याचं तेल आणि बायोटिनची रोज १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली होती.

यातल्या बहुतेकांचं थोडंथोडं बरोबर होतं, आणि घोटाळा तिथेच होता. प्रत्येकाने एक कारण पकडलं आणि सगळे आखूड केस त्याच कारणाच्या खात्यात टाकले.

कडेचे केस मुळातच आखूड का असतात

पुढचं समजायला एवढं गणित लागेल. डोक्यावरचा केस कायम वाढत नाही. त्याचं मूळ साधारण दोन ते सहा वर्षं वाढीत असतं, मग दोन-तीन आठवड्यांत आक्रसतं, पुढे तीनेक महिने केस नुसता अडकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा उगवतो. वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. त्यामुळे केस जास्तीत जास्त किती लांब होणार हे मुख्यतः वाढीचा काळ किती त्यावर ठरतं. मूळ सहा वर्षं वाढीत राहिलं तर केस सत्तर सेंटीमीटरपर्यंत जातो, सहा महिने राहिलं तर सहावर थांबतो. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ काही महिन्यांचाच असतो, म्हणून भुवयांची वेणी घालायची वेळ कुणावर येत नाही.

कपाळावर बारीक लव असते आणि डोक्यावर जाड केस. या दोहोंच्या मध्ये रेघ नसते, पट्टा असतो. साधारण बोटभर रुंदीच्या त्या पट्ट्यात मागून पुढे येताना मुळं लहान होत जातात, केस बारीक आणि फिके होतात, वाढीचा काळ घटतो. अगदी कडेचे केस चार-सहा सेंटीमीटरवर पोचतात आणि तिथेच त्यांचं आयुष्य संपतं. हा रोग नाही. केसरोपण करणारे सर्जनही पुढच्या कडेला एकेक बारीक केस मुद्दाम विरळ लावतात, कारण तिथे जाड केसांची सरळ ओळ लावली तर डोकं बाहुलीसारखं दिसतं.

म्हणजे आखूड केसाच्या तीन शक्यता: तो नुकता उगवलाय, तो तुटलाय, किंवा त्याची वाढच तेवढी आहे. ताईंच्या डोक्यावर तिन्ही होते.

तपासणी

आधी त्यांना वर्गाला घालतात तसाच अंबाडा घालायला सांगितलं. केस ओले होते. सकाळी न्हाऊन तसेच बांधायचे, कारण ओले केस चांगले चापून बसतात. ओला केस ताणला की जास्त लांबतो आणि लवकर तुटतो, वाळल्यावर बांधलेला तेवढा नाही. पुढचे आखूड केस बसावेत म्हणून जेल, त्यावर जुन्या टूथब्रशने फिरवलेला हात, आणि तरी उभे राहिले तर रबरबँडचा आणखी एक वेढा. शेवटच्या वेढ्याला भुवया किंचित वर ओढल्या गेल्या.

‘दुखत नाही?’

‘पहिली दहा मिनिटं. मग सवय होते.’

केस सोडले की बरं वाटतं का, असं विचारल्यावर त्या हसल्या. रात्री अंबाडा सोडून बोटांनी डोकं चोळणं हा दिवसातला सगळ्यात सुखाचा क्षण, म्हणाल्या. इथे अर्धं निदान झालं होतं.

मग आखूड केसांच्या मागे पांढरा कागद धरून भिंगातून टोकं पाहिली. ही युक्ती कुणालाही घरी करता येते. कधीच न कापलेल्या, नव्याने उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. तुटलेल्याचं बोथट किंवा चिरफाळलेलं. कात्री लागलेल्याचं सरळ कापलेलं.

कपाळावर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना निमुळत्या टोकाचे, बुंध्याशी चांगले जाड केस भरपूर होते. त्यातला सगळ्यात लांब चार सेंटीमीटरच्या आतबाहेर, म्हणजे चारेक महिन्यांचा. बाळ सात महिन्यांचं, गळती तिसऱ्या महिन्यात. हिशेब जुळला. गरोदरपणात संप्रेरकांमुळे बरेच केस वाढीच्या काळातच रेंगाळतात, बाळंतपणानंतर ते एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-चार महिन्यांनी एकत्र गळतात. डेंगी किंवा टायफॉइडनंतर होतं ते हेच. नवे केस सगळ्या डोक्यावर येत होते. डोक्याच्या मधोमध भांग पाडून पाहिला तर तिथेही तेवढेच आखूड केस होते. मागे ते लांब केसांखाली झाकले जातात, पुढे झाकायला काही नसतं एवढाच फरक. सासूबाईंचं इथे शंभर टक्के बरोबर होतं.

कानांच्या वर चित्र वेगळं. एक ते तीन सेंटीमीटरचे, उंचीला कमीजास्त, टोकं फाटलेली. केसांच्या बुंध्याकडे पांढऱ्या, नळीसारख्या बारीक खोळी चढलेल्या. ताईंना त्या लिखा वाटल्या होत्या. थोरली मुलगी शाळेत जाते, तिच्याकडून आल्या असतील म्हणून दोघींच्या डोक्याला उवांचं औषध लावूनही झालं होतं. लीख केसाला चिकटलेली असते, नखाने सरकवली तरी हलत नाही. या खोळी केसावरून सहज सरकत टोकापर्यंत आल्या. मुळाभोवतीचं आवरण ताणाने ओढून बाहेर आलं की अशा खोळी दिसतात, आणि त्या दिसल्या म्हणजे ताण आजही चालू आहे. शेजारी दोन-तीन बारीक लाल पुटकुळ्याही होत्या.

तिसरी गोष्ट ताईंच्या तक्रारीत नव्हतीच. दोन्ही कानशिलांवर, केसांच्या कडेपासून थोडं आत, दोन बोटं रुंदीचा एक विरळ पट्टा होता. भिंगाखाली केसांची छिद्रं कमी दिसत होती, मधली थोडी जागा गुळगुळीत झाली होती. आणि या विरळ पट्ट्याच्या पुढे, अगदी कडेला, बारीक आखूड केसांची एक ओळ शाबूत होती.

उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. कडेचे केस इतके आखूड असतात की ते वेणीत किंवा रबरबँडमध्ये सापडतच नाहीत. ताण बसतो तो त्यांच्या मागच्या, पकडीत येणाऱ्या केसांवर. वर्षानुवर्षं ओढून मागचे जातात, पुढचे निसटलेले राहतात. ताणामुळे जाणाऱ्या केसांची ही खूण २०११ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नीट मांडली. मूळ आजार त्याहून कितीतरी जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट वर बांधणाऱ्या बायकांमध्ये त्याचं वर्णन झालं होतं. आपल्याकडे केसांचा जुडा घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही तो आढळतो.

ताई ज्या केसांवर इतक्या चिडल्या होत्या, ज्यांना जेल लावून दाबत होत्या, ते त्या भागातले सगळ्यात सुखरूप केस होते. काळजी करायची ती त्यांच्या मागच्या पट्ट्याची. आणि झालर दाबण्यासाठी त्या जितकं घट्ट ओढत होत्या, तितके आणखी केस तुटून झालरीत भर पडत होती.

पट्टा किती जुना, हे कळायला त्यांच्या अरंगेत्रमचा फोटो मागवला. दागिन्यांनी कपाळाची कड झाकली होती, त्याचा उपयोग झाला नाही. पण दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत डाव्या कानशिलावर कांजिण्यांचा एक वण होता, केसांच्या अगदी कडेला टेकलेला. आज त्या वणापासून दाट केस सुरू होईपर्यंत बोटभराहून जास्त अंतर आहे. क्लिनिकवाल्यांचं ‘हेअरलाइन मागे चालली आहे’ हे त्या जागेपुरतं खरं होतं. कारण मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसरं काही तर नाही ना

कडेचे केस मागे हटवणारा आणखी एक आजार ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये वर्णन केला. तो बहुतेक पाळी गेलेल्या बायकांत दिसतो, त्यात भुवयाही विरळ होतात, मुळांभोवती लाली आणि कोंडा दिसतो, आणि कडेची बारीक ओळ उरत नाही. तीच आधी जाते. ताईंच्या भुवया दाट होत्या, ओळ शाबूत होती. बायकांच्या नेहमीच्या आनुवंशिक विरळपणात पुढची कड टिकते आणि भांग रुंदावतो, तसंही नव्हतं. चाई म्हणावी तर गोल, स्वच्छ चट्टे नव्हते.

पहिला निर्णय: रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का

ताई थायरॉइडचा रिपोर्ट सोबत घेऊन आल्या होत्या. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) कमी, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) थोडं जास्त. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतं, आणि त्याने केसही गळतात, त्यामुळे हा कागद बाजूला सारण्यासारखा नव्हता. पण त्या रोज १० मिलिग्रॅम बायोटिन घेत होत्या. माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या घरात. ही गोळी म्हणजे त्याच्या तीनशेपट. अनेक प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीसुद्धा यामुळे फसू शकते.

दोन पर्याय होते. रिपोर्ट खरा धरून थायरॉइडच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, किंवा गोळी थांबवून पुन्हा तपासायचं. छातीत धडधड, वजन घटणं, हात कापणं यातलं काही नव्हतं, म्हणून दुसरा निवडला. आठवडाभराने पुन्हा केलेली चाचणी नॉर्मल आली. बायोटिन पुन्हा सुरू केलं नाही. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही. सोबत हिमोग्लोबिन ११.२ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १४ आलं. कमी फेरिटिनने केस किती गळतात यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण अंगावर पाजणाऱ्या बाईचा लोहाचा साठा एवढा रिकामा असेल तर केसांचा विचार न करताही तो भरायला हवा. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

दुसरा निर्णय: औषध आत्ता की नंतर

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढावेत म्हणून डोक्याला लावायचं औषध, हा उघड पर्याय होता. ताईंनाही तेच हवं होतं. दोन कारणांनी थांबलो. एक, बाळ अंगावर पीत होतं. अशा काळात ते टाळावं असंच सांगतात, आणि रात्रभर आईच्या डोक्याशी तोंड घासणाऱ्या बाळाचाही विचार करावा लागतो. दुसरं, नवे केस आपोआप येतच होते. आत्ता औषध सुरू केलं असतं तर पुढच्या सहा महिन्यांत झालेली सगळी वाढ औषधाच्या नावावर गेली असती, आणि ताण कमी करण्याचं महत्त्व कुणालाच पटलं नसतं, ताईंना तर नाहीच.

पीआरपीला नकार देताना वेळ लागला नाही. रोज सकाळी रबरबँडने ओढायचं आणि महिन्याला सुई टोचून घ्यायची, याला अर्थ नाही.

गुळगुळीत जागेतून चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासायचा का, यावर मी जास्त विचार केला. त्याने मुळं किती उरली आहेत हे कळलं असतं. पण कानशिलावर वण राहिला असता आणि उपचार बदलला नसता. सहा महिन्यांत पट्टा वाढला तर करू, असं ठरवलं.

झालर थ्रेडिंगने काढून टाकावी किंवा पुढचे केस वस्तऱ्याने काढले की दाट येतील, या दोन्ही सूचना ताईंना घरून आणि पार्लरमधून मिळाल्या होत्या. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत हे १९२८ मध्येच मोजून दाखवलं गेलं आहे, तरी ही समजूत जावळाच्या दिवसापासून आपल्या पाठीशी असते. थ्रेडिंग म्हणजे शाबूत राहिलेली ओळ आपल्या हाताने उपटणं.

तिसरा निर्णय: नाचाचं काय करायचं

खरा पेच हा होता. ‘केस मोकळे ठेवा’ हे वाक्य दवाखान्यात बोलायला सोपं आहे. मोकळ्या केसांनी अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या पायाभूत हालचाली, शिकवता येत नाहीत, आणि अंबाड्याशिवाय मंचावर जाणं ताईंच्या गुरूंना चाललं नसतं. त्यामुळे सगळं बंद करण्याऐवजी ताण नेमका कुठून येतो ते शोधायचं ठरलं.

मी त्यांना गंगावन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायला सांगितलं. कुंजलम आणि गजऱ्यांसकट ते साडेतीनशे ग्रॅमच्या वर भरलं. हे वजन डोक्याच्या मागे, पण दोऱ्याची पहिली गाठ कानशिलाकडून ओढून आणलेल्या बटांना मारलेली. दागिन्यांचे आकडे तर थेट त्या विरळ पट्ट्यातच खोचले जात होते.

पुढचे बदल ताईंनीच सुचवले, मी फक्त डोकं हलवलं. गंगावन स्वतःच्या वेणीच्या बुंध्याला बांधायचं, पुढून बटा आणायच्या नाहीत. लोकरीच्या भरणाचं जड गंगावन काढून हलकं घ्यायचं. चुट्टी आणि सूर्य-चंद्र केसांच्या रंगाच्या एका पातळ कापडी पट्टीवर टाचायचे आणि ती पट्टी मागे बांधायची, म्हणजे आकडे केसांत जात नाहीत. वर्गात सैल, मानेजवळची वेणी. रबरबँड बंद, कापडी बंद चालू. केस वाळल्याशिवाय बांधायचे नाहीत. पुढची बोटभर कड ओढायचीच नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती उभी राहिली तर थोडं खोबरेल, जेल नाही.

खोबरेलाबद्दल एवढंच, की त्याने केसांचा वाढीचा काळ लांबत नाही. पण न्हाण्याआधी लावलं तर केसातून धुऊन जाणारं प्रथिन कमी होतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं आहे, आणि तुटण्याला तेवढा अटकाव होतो. कांद्याच्या तेलापेक्षा ते स्वस्तही आहे.

या सगळ्यात एक अडचण राहिली. दागिने बसवणारी बाई पट्टीला तयार नव्हती. नाचता नाचता घसरली तर दोष तिच्यावर येईल, हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी तालमीत पूर्ण साज चढवून दोन वर्णम, म्हणजे भरतनाट्यमच्या लांबलचक रचना, नाचून दाखवल्यावर ती तयार झाली. मधला एक कार्यक्रम मात्र जुन्याच पद्धतीने पार पडला, आणि त्यानंतर पुटकुळ्या पुन्हा आल्या.

काय झालं

तीन महिन्यांनी पांढऱ्या खोळी जवळपास दिसेनाशा झाल्या होत्या. कानांवरचे तुटके केस अजून आखूडच होते, पण टोकं फाटलेली नव्हती आणि उंची एकसारखी वाढत होती. कपाळावरचे बाळंतपणानंतरचे केस सात सेंटीमीटरच्या पुढे गेले होते, वेणीत जाऊ लागले होते. फेरिटिन वर आलं होतं. ताईंना हे सगळं फोटोंमधून दाखवावं लागलं, कारण आरशात त्यांना झालरच दिसत होती.

बाळाचं दूध तुटल्यावर कानशिलांपुरतं मिनॉक्सिडिल सुरू केलं, ५ टक्के, दिवसातून एकदा. पहिल्या काही आठवड्यांत जुने केस गळतात हे आधीच सांगून ठेवलं होतं. तरी फोन आलाच. सहा महिन्यांनी विरळ पट्ट्याच्या मागच्या अर्ध्या भागात जाडसर केस दिसायला लागले. पुढच्या भागात लव आली, ती तशीच राहिली. मधली गुळगुळीत जागा भरली नाही. तिथली मुळं संपलेली आहेत, औषध कुणावर काम करणार?

आणि अगदी कडेची ओळ? ती आजही चार-पाच सेंटीमीटरचीच आहे. बाळंतपणानंतरचे केस वाढून वेणीत गेल्यावर जी झालर उरली, ती ही. ती आईचीही तशीच आहे, असं ताईंना नंतर जुना अल्बम चाळताना दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

ताणाने जाणारे केस सुरुवातीला परत येतात, उशिरा येत नाहीत. ताईंच्या बाबतीत सुरुवात कधीतरी विशीत झाली असावी. तेव्हा बांधताना दुखायचं, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या यायच्या, आणि त्यांना घामोळं समजून पावडर लावली जायची. त्या वेळी कुणी ताण सैल करायला सांगितलं असतं तर गुळगुळीत जागा कदाचित झालीच नसती.

त्या बाळ तीन महिन्यांचं असताना, ऐन गळतीत आल्या असत्या तर दिशाभूल व्हायचा धोका जास्त होता. त्या वेळी सगळ्या डोक्याचेच केस विरळ असतात, त्यात कानशिलाचा पट्टा उठून दिसत नाही. ‘बाळंतपणानंतर होतं, सहा-बारा महिन्यांत भरेल’ एवढं सांगून पाठवणी झाली असती, आणि ते वाक्य खरंच असतं. म्हणून अशा गळतीतही कडेची ओळ आणि तिच्या मागचा पट्टा वेगळा पाहावा, आणि फोटो काढून ठेवावा.

काही सहकाऱ्यांनी पुटकुळ्यांसाठी सुरुवातीलाच स्टेरॉइडचं लोशन दिलं असतं. तेही चाललं असतं. मी दिलं नाही, कारण ताण कमी झाला की त्या जातात का हे पाहायचं होतं. गेल्या, आणि जुन्या पद्धतीच्या त्या एका कार्यक्रमानंतर परत आल्या, यातून ताईंना जे पटलं ते माझ्या सांगण्यातून पटलं नव्हतं.

वर्गातल्या मुलींचा प्रश्न ताईंनीच काढला. नऊ ते बारा वर्षांच्या काही मुलींच्या कानशिलांवर तशाच पांढऱ्या खोळी आणि तुटके केस त्यांना दिसले. सरावाला अंबाडा सक्तीचा नाही असं त्यांनी जाहीर केल्यावर दोन पालकांनी शिस्त सैल झाल्याची तक्रार केली. तिथे माझ्या पत्राचा उपयोग झाला नाही. भिंगातून स्वतःच्या मुलीचं डोकं पाहिल्यावर एकीचं मत बदललं, दुसरीचं नाही.

उरलेल्या गुळगुळीत जागेसाठी केसरोपण हा पर्याय आहे. त्याआधी निदान वर्षभर तिथे अजिबात ताण नको आणि पट्टा स्थिर हवा, नाहीतर लावलेले केसही त्याच वाटेने जातात. ताईंनी येत्या मोसमातले कार्यक्रम आधीच घेतले आहेत, त्यामुळे तो विषय पुढच्या वर्षावर गेला आहे.